रेषेचे काम आणि पाण्याचे काम

दरवर्षी स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळ 'दवाखाना सोडून कशावरही लिहा' असे बजावते आणि दरवर्षी आपल्यापैकी निम्मे लोक मधुमेहावर व उरलेले अमेरिकेतील नातवंडांवर लिहितात. यंदा मी संपादकांचे म्हणणे बहुतांशी पाळणार आहे. विषय चित्रकलेचा आहे, आणि त्यातल्याही एका लहानशा कोपऱ्याचा : शहराचे दृश्य रंगवताना शाईची रेषा आणि पारदर्शक जलरंग यांना एकाच कागदावर नांदवावे की नाही, आणि नांदवायचे तर कोणी कोणते काम करावे. वरवर पाहता हा रविवारच्या हौशी चित्रकारांचा वाद. परंतु नया पुलावर उभे राहून मुसीच्या दोन्ही काठांकडे पाहिले, म्हणजे तो तितकासा निरुपद्रवी वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनासाठी मी चारकमानीच्या परिसराचे एक चित्र दिले होते. पेनाने रेखाटन करून त्यावर जलरंगाचे दोन-तीन पातळ लेप दिले होते. परीक्षकांनी ते अत्यंत सौजन्याने परत केले. 'हे रंगवलेले रेखाटन आहे. याला जलरंगचित्र म्हणता येणार नाही,' असा अभिप्राय सोबत होता. त्या वेळी मनाला लागले. आता वाटते की त्यांचे निदान बरोबर होते, उपचार मात्र चुकला. ते रंगवलेले रेखाटन होते, हे खरेच. पण रंगवलेले रेखाटन ही कनिष्ठ प्रतीची वस्तू आहे, हा जो गृहीत धरलेला भाग होता, त्याच्याशी माझे भांडण आहे.

जलरंगाच्या पंगतीत रेषेला खालचे पान का मिळाले, याला इतिहास आहे. अठराव्या शतकात इंग्लंडात गढ्या, बंदरे, चर्चे यांची नोंद करणारे चित्रकार आधी पेनाने बाह्यरेषा काढीत, मग करड्या रंगाने छाया घालीत आणि शेवटी वरून रंगाचा हलका हात फिरवीत. पॉल सँडबीची कितीतरी कामे या पद्धतीची आहेत. शतकाच्या अखेरीस गर्टिन आणि टर्नर या तरुणांनी रेषेचा आधार सोडला आणि रंगाच्याच थरांतून आकार उभे केले. ती क्रांती मोठी होती, यात शंका नाही. पण तिच्यामुळे असा समज रूढ झाला की रेषा म्हणजे पांगुळगाडा, आणि चालता येऊ लागले की तो माळ्यावर टाकायचा. कलाशाळांमार्फत हाच समज आपल्याकडे आला. मुंबईच्या जे. जे. परंपरेत स. ल. हळदणकर, प्र. अ. धोंड यांच्यासारख्यांनी जलरंगाला जे वैभव मिळवून दिले, ते पाहताना रेषेची आठवणही होत नाही, हे मी आनंदाने मान्य करतो. धोंडांच्या समुद्राला रेषा लागत नाही. चारमिनारला लागते, एवढेच माझे म्हणणे.

शिवाय रेषा आणि रंगलेप यांच्या सहवासाची आपली स्वतःची एक परंपरा आहे, तिचा आपल्याला विसर पडला आहे. १७९० च्या सुमारास पुण्यात कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या पदरी गंगाराम चिंतामण तांबट नावाचा एक मराठी चित्रकार होता. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला, सवाई माधवरावांच्या आश्रयाने चित्रशाळा निघाली आणि गंगाराम त्याच्याबरोबर काम करू लागला. कार्ले आणि वेरूळ येथील लेणी त्याने रेखाटली. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्याने काढलेले चित्र नोव्हेंबर १७९० चे आहे. त्याची चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. मी केवळ छापील प्रती पाहिल्या आहेत, परंतु त्यांतही मोजमापाची शिस्त रेषेने सांभाळलेली आणि दगडाचे वजन पातळ लेपांनी तोललेले जाणवते. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनिअलने १८०३ मध्ये वेरूळची चित्रमाला प्रसिद्ध केली. ती जगभर गेली आणि तांबटांचा गंगाराम मागे राहिला. वेरूळ पुढे दीर्घकाळ आपल्याच हैदराबाद संस्थानात होते, तेव्हा गंगारामाला आपल्या इलाख्यातला म्हणायला हरकत नसावी.

आता जरा हवेबद्दल. चित्रकलेच्या पुस्तकांत हवेचा विचार फारच कमी असतो. आपले शहर सुमारे साडेपाचशे मीटर उंचीच्या पठारावर, ग्रॅनाइटच्या खडकावर वसले आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि हवेत ओलावा नावालाही नसतो. ओल्या कागदावर ओला रंग सोडून आकाश रंगवण्याची जी पद्धत इंग्रजी पुस्तके शिकवतात, ती दमट बेटावरच्या माणसांनी शोधलेली आहे. इथे सकाळी नऊ वाजता आकाशाचा लेप अर्ध्यावर आणावा, तोवर वरचा भाग वाळून खडखडीत होतो, आणि मध्येच एक कडक काठ उमटतो. त्या काठाचे मग नाइलाजाने ढगात रूपांतर करावे लागते. माझ्या जुन्या चित्रांतले मे महिन्यातले ढग असेच जन्मलेले आहेत. पाण्यात ग्लिसरिनचे एक-दोन थेंब टाकले तर वाळण्याचा वेग थोडा कमी होतो; आपल्यापैकी कोणालाही ग्लिसरिन विकत आणावे लागणार नाही. पण खरा उपाय निराळा. कमानीचा आकार आधीच रेषेने धरून ठेवलेला असेल, तर तो जपण्याचे ओझे रंगावर राहत नाही. रंगाला एकाच दमात, न थबकता, काठाबाहेर थोडेसे सांडतही पुढे जाता येते. म्हणजे रेषा रंगाला मोकळीक देते. परीक्षकांच्या मते ती त्याला बांधून ठेवते. माझा अनुभव नेमका उलटा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सारेच फिरते. तेव्हा काहीच वाळत नाही, आणि मी छत्रीखाली बसून केवळ पेन चालवतो.

इमारतींचाही प्रश्न आहे. आपल्या शहराची वास्तू म्हणजे चुन्याच्या गिलाव्यातले नाजूक काम : कंगोरे, छज्जे, जाळ्या, छत्र्या, मिनारावरच्या माळा. सुलतान बाजारात तर एकाच चौकटीत लाकडी सज्जा, साडीच्या दुकानाची पाटी, विजेच्या तारांचा गुंता आणि मेट्रोचा खांब असे सारे असते. हे सर्व निव्वळ रंगाच्या डागांतून सुचवणारे प्रतिभावंत आहेत. पुण्याचे मिलिंद मुळीक बोळातली गर्दी चार डागांत उभी करतात. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली त्यांची पुस्तके आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असतील. दुसऱ्या टोकाला मारिओ मिरांडा. त्यांच्या गोव्यात रेषेचेच राज्य चालते. रंग आला तरी पाहुण्यासारखा येतो. ही दोन्ही टोके मला प्रिय आहेत. आपण सामान्य माणसे मात्र मधल्या वाटेने जाणारी. त्या वाटेवर रेषा आणि रंग दोघांनाही बरोबर घ्यावे लागते, आणि बरोबर घेतले की त्यांचे भांडण सोडवणे आलेच.

भांडण सोडवण्याचे सूत्र मला चित्रकलेच्या वर्गात मिळाले नाही. ते शवविच्छेदनगृहात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मिळाले. ग्रेच्या 'अ‍ॅनाटमी'ची १८५८ ची पहिली आवृत्ती आठवा. तीतली ३६३ चित्रे हेन्री व्हँडाइक कार्टर या तरुण डॉक्टरने काढली. हाडे, स्नायू, धमन्या : केवळ रेषा, आणि नावेदेखील त्या त्या अवयवावरच लिहिलेली. त्याच वर्षी हा कार्टर मुंबईस आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागला, काही वर्षे साताऱ्यास सिव्हिल सर्जन होता. तेथून पुढे त्याने कुष्ठरोग आणि 'मदुरा फूट' यांवर जे ग्रंथ १८७४ मध्ये काढले, त्यांत मात्र त्याला रंगीत चित्रे द्यावी लागली. हात तोच, कागद तोच. मग रंग का? कारण हाड कोठे आहे हे रेषेने सांगता येते. पण पाऊल सुजले आहे, कातडी काळवंडली आहे, चट्ट्याचा रंग आजूबाजूच्या त्वचेपेक्षा फिकट आहे, हे सांगायला रेषेपाशी शब्दच नाहीत. रचना रेषेने कळते, आणि त्या दिवशीची प्रकृती रंगाने.

आपण सर्वांनी प्रथम वर्षाला ऊतिशास्त्राच्या वहीत जांभळी आणि गुलाबी पेन्सिल चालवली आहे. हिमॅटॉक्सिलिनचा जांभळा केंद्रकाला, इओसिनचा गुलाबी बाकी सगळ्याला. ज्याने सगळीकडे दोन्ही रंग गच्च घासले, त्याच्या वहीत मूत्रपिंड आणि यकृत सारखेच दिसे, आणि प्रात्यक्षिकाच्या बाई ती वही न बोलता परत सरकवीत. ज्याला कळले होते की रंग हा ओळख पटवण्यासाठी असतो, जागा भरण्यासाठी नव्हे, त्याच्या वहीत कोरी जागाही बरीच असे. अगदी हीच चूक नगरदृश्यात होते. रेषा काढून झाली की आपला हात शाळेतल्या रंगभरण स्पर्धेकडे धावतो : खिडकीच्या चौकटीत तपकिरी, भिंतीच्या चौकटीत पिवळा, आकाशाच्या चौकटीत निळा. प्रत्येक घर आपापल्या कुंपणात. असे चित्र परीक्षकांनी परत केले तर मी परीक्षकांच्या बाजूने उभा राहीन. एकदा रेषेने सांगितलेली गोष्ट रंगाने पुन्हा सांगायची नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ सुटका होते. कमानीची कड रेषेत आली असेल तर सावलीचा लेप कमान, भिंत, फेरीवाल्याची गाडी आणि गाडीवाला या सर्वांवरून एकाच ओघात जाऊ द्यावा. उन्हाला घरक्रमांक ठाऊक नसतात. आणि जिथे उजेड-सावलीची कड स्पष्ट दिसते आहे, तिथे रेषा मुळात काढूच नये.

रेषा न काढणे हेच सर्वांत अवघड. गुलजार हौजजवळ बसून मी एकदा चारमिनार काढीत होतो. सकाळची वेळ होती, सूर्य पूर्वेच्या मिनाराच्या अगदी मागे. त्या मिनाराचा वरचा भाग मी रेषेने बंद केला नव्हता. दोन तुटक खुणा केल्या आणि कागद कोरा ठेवला. शेजारी चहाचा पेला घेऊन उभे असलेले एक वयस्क गृहस्थ बराच वेळ पाहत होते. शेवटी त्यांना राहवले नाही. "मीनार आधा कायकू छोड दिए, साब?" मी काही बोललो नाही, केवळ वर बोट दाखवले. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिले, पापण्या मिटल्या, पुन्हा पाहिले, आणि हसून म्हणाले, "हौ, उधर दिखताइच नई." त्यांच्या त्या 'इच'मध्ये आपल्या मराठीचा 'च' ऐकून जो आनंद झाला तो निराळाच, पण चित्राविषयी मला मिळालेला तो सर्वांत जाणकार अभिप्राय होता. रेषा अर्धी सोडली होती म्हणून ऊन दिसले.

साधनांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्या चर्चेत माणसे साधनेच जमवत बसतात. दोनच गोष्टी. शाई पाण्याने न विरघळणारी हवी. माझ्या सुरुवातीच्या काळात मी दवाखान्यात औषधपत्रे लिहिण्याच्याच पेनाने हायकोर्टाची इमारत काढली, तासभर घुमट मोजत बसलो, आणि पहिला लेप फिरवताच सगळा न्यायपालिकेचा डोलारा निळा होऊन मुसीकडे वाहू लागला. टिकाऊ काळी शाई फाउंटन पेनात भरली तर पेन कायमचे बंद होते, हेही त्याच महिन्यात शिकलो. आता रंगद्रव्याच्या शाईची तयार पेने सर्वत्र मिळतात, ती बरी. मात्र त्यांची रेषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची येते आणि चित्राला नकाशाची कळा येते. टाकाची निब दाबली की रेषा जाड होते, हात सैल सोडला की बारीक, आणि शाई संपत आली की कोरडी, खरखरीत. जुन्या गिलाव्यासाठी या शेवटच्या रेषेसारखी दुसरी नाही. दुसरी गोष्ट कागद. तीनशे ग्रॅमच्या खालचा कागद पहिल्याच पाण्याने पापडासारखा फुगतो. तिथे काटकसर करू नये. रंगांत खुशाल करावी. अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना आणि एक पिवळा, एवढ्यात हे अख्खे शहर बसते. निळा आणि सिएना मिसळून होणारा करडा रंग तर इथल्या ग्रॅनाइटचाच रंग आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो, ते सांगतो.

मुसीच्या उत्तर काठावरची उस्मानिया रुग्णालयाची जुनी इमारत आपल्यापैकी कितीतरी जणांची माउली आहे. काहींनी तिथे शिक्षण घेतले, काहींनी नोकरी केली; ज्यांनी दोन्ही केले नाही त्यांनी निदान एखादा रुग्ण तिथे पाठवला आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुराने नदीकाठ धुऊन नेला. त्यानंतर सातव्या निजामाच्या काळात शहराची जी नवी उभारणी झाली, तीत व्हिन्सेंट एश या वास्तुकाराने हे रुग्णालय, समोरचे हायकोर्ट, सिटी कॉलेज आणि आपल्या मराठी वस्तीला लागून असलेले काचीगुडा स्टेशन अशा इमारती दिल्या. रुग्णालयाच्या आवारातले चिंचेचे झाड पुराच्याही आधीचे. त्या दिवशी त्याच्या फांद्यांवर सुमारे दीडशे माणसे वाचली, हे आपण येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत आलो आहोत. जुलै २०२० मध्ये पावसाचे आणि गटाराचे पाणी वॉर्डांत शिरले आणि जुनी इमारत रिकामी करण्यात आली. ३१ जानेवारी २०२५ रोजी गोशामहल येथे नव्या रुग्णालयाची पायाभरणी झाली. नवे रुग्णालय हवेच. गळक्या छताखाली रुग्ण ठेवावेत असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. जुन्या इमारतीचे काय करावे यावर न्यायालयात, वर्तमानपत्रांत आणि आपल्या मंडळाच्या चहापानातही भरपूर बोलून झाले आहे. त्या वादात मी पडत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे : ती इमारत आज कशी आहे, हे आपण कुठे नोंदवून ठेवले आहे काय?

माझ्याजवळ तिची तीन चित्रे आहेत, तिन्ही हायकोर्टाच्या बाजूच्या काठावरून काढलेली. पहिले १९९४ चे, शुद्ध जलरंगात, एकही रेषा नसलेले. त्याचे आकाश मला अजून आवडते. दुसरे २००५ चे, निव्वळ पेनाचे. त्यात प्रत्येक छत्री, प्रत्येक कमान मोजून काढली आहे. तिसरे गेल्या दोन हिवाळ्यांत सुरू केलेले. मध्यंतरी वास्तुरचनेचा एक विद्यार्थी जुनी चित्रे पाहण्यासाठी घरी आला. कठड्याचा कोणता भाग केव्हा पडला आणि भिंतीत ओल कोठून शिरली, याचा तो माग काढीत होता. मी उत्साहाने पहिले चित्र पुढे ठेवले. त्याने नम्रपणे विचारले, "काका, हे घुमट आहे की झाड?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. तीस वर्षे ज्या चित्राला मी माझे उत्तम चित्र समजत होतो, त्याला एका साध्या प्रश्नाची साक्ष देता आली नाही. दुसरे चित्र पाहून तो खूश झाला, कठडा त्याने मोजूनही घेतला. पण ओल कोठे होती, हे विचारल्यावर ते चित्रही गप्प. पेनाने ओल काढता येत नाही. रेघोट्यांनी काळे करता येते. पण ती सावली की शेवाळ की वर्षानुवर्षे झिरपणारे पाणी, हे काळ्या रेघोट्या सांगत नाहीत.

त्या संध्याकाळी तिसरे चित्र नव्याने आखले. घुमट, छत्र्या, कठडा आणि कठड्यातून उगवलेला पिंपळ हे रेषेचे. पिंपळाची मुळे भिंतीत कोठे शिरली आहेत, तेही रेषेचेच. ती आता रचनेचा भाग झाली आहेत. ओलीचे डाग मात्र पाण्याने काढले. कागद त्या जागी आधी ओला केला, वरून सिएना आणि हिरवट करडा सोडला आणि कागद उभा धरला. रंग भिंतीवर ज्या वाटेने पाणी उतरते त्याच वाटेने खाली ओघळला. मला काही करावे लागले नाही. इतकी वर्षे जे 'खराब झालेला लेप' म्हणून मी पुसत होतो, तो काठ असलेला डाग तिथे अगदी जसाच्या तसा हवा होता.

यावरून आमच्या घरातच वाद झाला. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, पिंपळ आणि ओल कशाला, इमारत मुळात जशी होती तशी सुंदर काढा, लोक दिवाणखान्यात लावतील. हा विचार केवळ त्यांचा नाही. हॉटेलांच्या दिवाणखान्यांतून आणि भेटकार्डांवरून जो हैदराबाद दिसतो, त्यात एकही तार नसते, एकही फलक नसतो, चारमिनार कालच धुऊन काढल्यासारखा असतो. आपल्याच स्मरणिकेच्या मुखपृष्ठांवरही आजवर असाच चारमिनार आला आहे. संपादकांनी राग मानू नये. रुग्णाला भेटीच्या वेळी पावडर लावून बसवावे तसे हे आहे. नातेवाइकांना बरे वाटते, डॉक्टरला काही कळत नाही. रेषा आणि रंग यांचे हे जोडकाम शिकायचे ते अशा चित्रांसाठी असेल, तर परीक्षकांचेच म्हणणे खरे मानावे आणि पेन खाली ठेवावे. सौभाग्यवतींच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की, ओघळ पाहून त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "हा कोपरा मला आठवतो. बाळाच्या वेळी याच कोपऱ्यात उभी होते."

मोबाइलवर छायाचित्रे असताना हा खटाटोप कशाला, असे तरुण सभासद विचारतील. छायाचित्र घ्यावेच, मीही घेतो. परंतु छायाचित्र सगळेच सारख्या तत्परतेने टिपते, म्हणून त्यात कशाकडे पाहायचे हे ठरवलेले नसते. रेषा काढताना प्रत्येक इंचावर ठरवावे लागते. रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्या सिकंदराबादेत डासाच्या जठरातील त्या रंगद्रव्ययुक्त पेशी पाहिल्या, तेव्हा त्याने वहीत त्यांच्या आकृत्या काढल्या होत्या. हाताने काढल्याखेरीज आपण काय पाहिले याची माणसाला खात्री पटत नाही, असे मला वाटते. २००७ मध्ये सिएटलच्या गॅब्रिएल कंपानारिओ या पत्रकार-चित्रकाराने 'अर्बन स्केचर्स' ही चळवळ सुरू केली, तिचाही आग्रह हाच आहे : जागेवर बसून, समोर पाहून काढा. तिच्या सभासदांपैकी बहुतेकांच्या झोळीत पेन आणि जलरंगाची छोटी पेटी असते, हे परीक्षकांच्या निदर्शनास आणून द्यावेसे वाटते.

माझे तिसरे चित्र अजून पुरे झालेले नाही. डावीकडचा भाग आणि चिंचेचे झाड राहिले आहे. झाडाचे काय करावे हे ठरत नाही. खोड रेषेने काढावे, पालवी रंगात सोडून द्यावी, हे सोपे उत्तर झाले; पण चिंचेची पालवी इतकी बारीक आणि विरळ असते की तिच्यातून मागची भिंत दिसते, आणि मग रेषा भिंतीला द्यायची की झाडाला, हा पेच उरतो. डिसेंबर-जानेवारीत रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ मी हायकोर्टाच्या बाजूच्या काठावर असतो. साडेआठनंतर ऊन चढते आणि बसची वर्दळ वाढते. ज्यांना यायचे असेल त्यांनी घडीची खुर्ची, पाण्याची बाटली आणि जाड कागद आणावा. शाई माझ्याकडे आहे.